कस्तुराबाईंचा खांब

खांब गुरांनी खाल्ला, असं वाक्य शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं लिहू नये, हे मला कळतं. अचूक सांगायचं तर गुरांनी खांबावरचा पाला खाल्ला. खांब जसाच्या तसा राहिला. पण गावात आजही "बाईंचा खांब गुरांनी खाल्ला" असंच म्हणतात, आणि एका शब्दासाठी मी गावाशी किती भांडणार? त्या खांबापायी माझी जी काही अब्रू गेली, तिच्यापुढं हा तपशील किरकोळ आहे.

दुष्काळाचं साल होतं. मृग कोरडा गेला होता. कळंबपासून अकरा मैलांवरच्या आमच्या गावात बोअर पाडायला एक परदेशी यंत्र आलं होतं आणि यंत्राबरोबर तीन स्वीडिश माणसं. लार्स आणि त्याचा सोबती यंत्र चालवायचे आणि तंबूत राहायचे. तिसरी कर्स्टिन. दगड बघून भोक कुठं पाडायचं ते ती सांगायची. माझे यजमान उस्मानाबादला भूविकास बँकेत, शनिवारी यायचे. त्यामुळं कर्स्टिन आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. गावानं पहिल्याच दिवशी तिचं कस्तुराबाई करून टाकलं.

आमची मैत्री झाली ती काळ्या पाषाणामुळं. या विषयावर बोलायला मला गावात दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या मालनबाईंशी एकदा प्रयत्न केला होता. त्या म्हणाल्या, "बाई, दगडाचं काय बोलायचं आसतंय? आपटला तर लागतंय."

त्या सोमवारी तिसरं बोअर कोरडं गेलं. एकशे ऐंशी फुटांवरून नुसती राखाडी भुकटी वर आली. संध्याकाळी कर्स्टिननं कचेरीला पत्र लिहिलं: मला परत पाठवा. शनिवारी साप्ताहिक जीप यायची, तिच्याबरोबर ते द्यायचं होतं.

"गाव माझ्यावर रागावलंय," ती मला इंग्रजीत म्हणाली. "तीन भोकं, तीनही कोरडी. आता मला बघून कुणी बोलत नाही."

गाव रागावलं नव्हतं. पाणी न लागलेल्या माणसाशी काय बोलावं, हे गावाला सुचत नव्हतं. मी तसं सांगितलं, पण पुराव्याशिवाय ती काही मानायची नाही. एरवी तिचा हाच गुण मला आवडायचा. ती गेली तर यंत्र दुसऱ्या तालुक्यात जाणार, हे एक. आणि पुन्हा यजमान यायच्या शनिवारापासून शनिवारापर्यंत माझं बोलणं फक्त मालनबाईंशी, हे दुसरं. खरं सांगते, मला दुसऱ्याची भीती जास्त होती.

पत्राची घडी घालता घालता ती म्हणाली, "शुक्रवारी आमचा सण. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. दोन वर्षं झाली, मी नाचले नाही."

"मग इथं करू की," मी म्हटलं.

'करू की.' अक्षरं तीन. याहून कमी अक्षरांत माणूस इतका अडकल्याचं माझ्या माहितीत नाही.

मी वही घेऊन यादी केली. वीस फुटी खांब. त्याला आडवी काठी, काठीच्या दोन्ही टोकांना एकेक कडं. सगळ्यावर हिरवा पाला, फुलं. शेपू घालून उकडलेले बटाटे. खारवलेला मासा. मित्रमंडळी. नाच.

"नाच कसला?"

"साधाच. गोल."

"आणि सण कशाचा?"

"सूर्याचा," तिचे डोळे चमकले. "त्यानं मावळू नये म्हणून."

माझी पेन्सिल थांबली. शाळेच्या तापमापकात त्या दुपारी एक्केचाळीस अंश होते. गाव आठ महिने सूर्याला शिव्या देत होतं आणि मी माझ्या अंगणात त्याला 'बसा, घाई काय आहे' म्हणण्याचा कार्यक्रम ठरवत होते. हे कळलं असतं तर कर्स्टिनला शनिवारपर्यंत थांबावंच लागलं नसतं. मी ठरवलं: कुणी विचारलंच, तर हा खांबाचा सण आहे. खोटं नव्हतं. अपुरं होतं.

मालनबाईंनी विचारलंच.

"खांबाचा? म्हंजी पाडवाच की!"

"पाडवा चैत्रात असतो, मालनबाई."

"तिकडं थंडी लई. समदंच उशिरा येत आसंल."

हा तर्क चुकीचा होता, पण इतका सुसंगत होता की मला तो खोडवेना. जाताना त्यांनी साखरेची गाठी विसरू नका, असं बजावलं.

खांबासाठी मी ग्रामसेवक हिंमतरावांकडं गेले. हिंमतराव सज्जन गृहस्थ. कुठल्याही कामाला नाही म्हणायचे नाहीत. अर्ज द्या म्हणायचे.

"वीस फूट? बाई, पंधराच्या वर गेलं की त्येचं निशाण हुतंय. आन् निशाण म्हनलं की कुनाचं, ते लिवावं लागतंय."

"कुणाचंच नाही."

"कुनाचंच न्हाई, आसा रकानाच न्हाई."

"मग काय लिहू?"

त्यांनी कागद उलटासुलटा केला. "इतर लिवा."

मी तीन प्रतींत 'इतर' लिहिलं. तासाभरात सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब धोतराचा सोगा सावरत माझ्या दारात. पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती.

"बाई, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. ह्यात कशाला पडता? हे 'इतर' कोन हाईत? खालच्या आळीतले का?"

समजावून सांगायला पाऊण तास लागला. 'इतर' नावाचा पक्ष नाही, हे पटल्यावर आण्णासाहेबांना इतकं हलकं वाटलं, की सोसायटीच्या गोदामासाठी आणलेली एक वीस फुटी लाकडी बल्ली त्यांनी स्वतःहून देऊ केली. गोदामाचे पत्रे तीन वर्षं यायचे होते, त्यामुळं बल्लीला दुसरा उद्योग नव्हता. अट एकच: नारळ त्यांच्या हस्ते फुटावा आणि त्यांनी चार शब्द बोलावेत.

पाल्याचा प्रश्न अवघड होता. गावात हिरवं म्हणून फक्त कडूलिंब उरला होता. त्याची मुळं खोल जातात. त्यातला तोडण्याजोगा लिंब शाळेच्या आवारात, आणि त्यावर पाटी: 'फांदी तोडू नये. आज्ञेवरून, वृक्षसंवर्धन प्रमुख.' वृक्षसंवर्धन प्रमुख मीच होते. मी माझ्या नावे अर्ज केला, दोन दिवस विचार केला आणि सहा फांद्यांना मंजुरी दिली. जास्त मागितल्या असत्या तर नाकारल्या असत्या.

राहिला शेपू. त्या दुष्काळात शेपूची पेंढी कुठली मिळायला? पण वनस्पतिशास्त्र उपयोगी पडतं. बाळंतशेपा म्हणजे शेपूचंच बी, वास तोच. मी विरुपाक्षांच्या दुकानात जाऊन छटाकभर बाळंतशेपा मागितला.

"कोन बाळंत झालं, बाई?"

"कुणी नाही. मला हवाय."

हे मी म्हणायला नको होतं. बुधवारी सकाळी मालनबाईंनी मला घागर उचलू दिली नाही. दुपारी मुख्याध्यापक शांतलिंग सर वर्गाबाहेर घुटमळले आणि छताकडं बघत म्हणाले, "रजेचा अर्ज वेळेत दिलेला बरा. नियम आहे."

"सर, ते बटाट्यांसाठी आहे."

"असू दे, असू दे," सर घाईनं म्हणाले आणि निघून गेले.

शुक्रवार उजाडला. सकाळी बल्ली अंगणाबाहेरच्या मोकळ्या जागेत आडवी ठेवून आम्ही दोघींनी सजवली. कड्यांसाठी सायकलच्या दोन जुन्या रिमा. फुलं म्हणून रुईची. दुष्काळात तीच फुलतात. दहा वाजता सजावट पूर्ण झाली. कर्स्टिन दोन पावलं मागं सरली, बघत राहिली, आणि सोमवारनंतर पहिल्यांदा हसली. मग आम्ही चहा प्यायला आत गेलो.

चहाला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात चारा-छावणीतली गुरं पाणवठ्याकडं जाताना तिथून गेली.

रुई तेवढी त्यांनी सोडली. ती गुरांना चालत नाही.

छावणीचे ज्ञानोबा हातात काठी घेऊन खांबाशी उभे होते. "तुम्ही हाकललं का नाही?" मी विचारलं.

"बाई, चार म्हैनं झालं, वाळल्या कडब्याबिगर काय बगितलं न्हाई त्येंनी. येकायेकी हिरवं! मला वाटलं, सरकारनं पाठिवलं." त्यांनी काठी काखेत मारली. "खरं सांगू? मलाबी चार पानं खावीशी वाटली."

कर्स्टिन खोलीत गेली आणि टेबलावरचं ते पत्र पाकिटात घातलं. हे मी दारातून बघितलं. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं.

मी शाळेत गेले आणि वृक्षसंवर्धन प्रमुखाला न विचारता चार फांद्या तोडल्या.

चार फांद्या वीस फुटांना पुरत नाहीत. तेव्हा मालनबाईंनी पेटीतून आपलं हिरवं लुगडं आणून खांबाला गुंडाळलं. हिशोब त्यांचाच: गुरांचं तोंड पोचतं सहा फुटांपर्यंत, तिथवर लुगडं, वर लिंब. इतकं शुद्ध उपयोजित शास्त्र मी पदवीच्या वर्गातही बघितलं नव्हतं. लार्स आणि त्याच्या सोबत्यानं यंत्राच्या दोरखंडानं खांब उभा केला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वीस फूट उंच नवरी हात पसरून उभी आहे.

लांबून बघणारे पुष्कळ होते. सण घरगुती ठरला होता, पण आण्णासाहेबांनी नारळ फोडायचा म्हणजे दवंडी आलीच. साडेचारला अंगणाबाहेर शंभरावर माणूस जमलं. बटाटे लहान होते म्हणून प्रत्येकी अर्धा दिला. खारा मासा म्हणून बाजारातले बोंबील आणले होते, ते लार्सनं पहिल्या पाच मिनिटांत एकट्यानंच संपवले. "बटाट्याला बाळंतिणीचा वास येतुया," असं बायकांत कुजबुजलं गेलं आणि माझ्याकडं सहानुभूतीनं बघितलं गेलं.

मग नाच. तिघं खांबाभोवती गोल उभे राहिले, काहीतरी गाऊ लागले, आणि अचानक तिघंही गुडघ्यात वाकून, हात पाठीमागं घेऊन, बेडकासारख्या उड्या मारू लागले.

मला हे सांगितलं गेलं नव्हतं. सहा फूट दोन इंचांचा लार्स बेडूक म्हणून पटण्यासारखा नव्हता, पण हेतू स्पष्ट होता.

जूनमधला दुष्काळ, वर लिंबाचा पाला, खाली बेडूक. आणि मालनबाईंनी गालावर हात मारला.

"आगं बया! ही तर धोंडी!"

धोंडी म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पाऊस लांबला की एकाला लिंबाच्या पाल्यात गुंडाळायचं, बेडूक काठीला बांधायचा, दारोदार नाचत जायचं. घरोघरच्या बाया तांब्याभर पाणी अंगावर ओततात. ते बघून पावसाला लाज वाटावी, अशी कल्पना. गेल्याच वर्षी मी शाळेत या प्रथेविरुद्ध चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं होतं. फळ्यावर ढग काढले होते. तीन प्रकारचे.

बाया घराकडं धावल्या. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि घरटी चार घागरी मिळायच्या. त्यातला एकेक तांब्या आला. पहिला मालनबाईंनी कर्स्टिनच्या डोक्यावर ओतला. दुसरा, तिसरा, दहावा. कर्स्टिन गायची थांबली. केसांतून पाणी गळत होतं आणि ती माझ्याकडं बघत होती.

"हे मला हाकलतायत का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"नाही! स्वागत आहे!" मी ओरडले.

"पन बाई," मालनबाई रिकामा तांब्या घेऊन माझ्याकडं वळल्या, "तुमी तर खांबाचा सण म्हनला. ही धोंडीच हाय ना?"

शंभर तोंडं माझ्याकडं वळली. शांतलिंग सरांचं तोंडही त्यांत होतं. मी वर बघितलं. सूर्य पश्चिमेला बऱ्यापैकी वर होता आणि भाजत होता. खरं सांगावं, तर ज्यांनी आत्ताच आपलं पिण्याचं पाणी ओतलं त्यांना सांगायचं, की हे सगळं आणखी ऊन पडावं म्हणून चाललं आहे.

"हो," मी म्हटलं. "धोंडीच. त्यांच्याकडची."

"पण बाई, गेल्या वर्षीचं तुमचं ते व्याख्यान?" शांतलिंग सर म्हणाले.

"ते देशी धोंडीविषयी होतं, सर."

सर विचारात पडले. मालनबाई पडल्या नाहीत.

"मग तुमी का हुब्या? ज्येच्या दारात धोंडी, त्येच्या घरच्यानं उडी मारावी लागती."

"असा काही नियम नाही."

"तुमाला काय म्हाईत? तुमी तर धोंडी मानतच न्हाई!"

बिनतोड होतं. मी चष्मा काढून शांतलिंग सरांच्या हातात दिला, पदर खोचला, हात पाठीमागं घेतले आणि उडी मारली. सातवी 'ब' चा वर्ग कुंपणावर बसला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गणिताच्या तासाला हाच वर्ग मेल्यासारखा बसतो.

एक फेरी झाली. नारळ फुटला. आण्णासाहेबांनी चार शब्दांना वीस मिनिटं घेतली, त्यांत सोसायटीच्या खतवाटपाचा आढावाही आला. मी श्वास सोडत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "आता कस्तुराबाई दोन शब्द बोलतील."

"फक्त धन्यवाद म्हण," मी तिच्या कानात पुटपुटले.

पण कर्स्टिनला अपुरं सांगणं जमत नसे. ती मराठी यंत्रावरच्या मजुरांकडून शिकली होती. ओल्या केसांनी ती खांबाला टेकून उभी राहिली.

"माझ्या गावात सूर्य न्हाई," ती म्हणाली. "थंडीत येतच न्हाई. आला तर दुपारी. लगीच जातो. अंधार लई. मान्सं घरात रडत्यात. म्हून आज तो लई वेळ थांबतो, तर आमी नाचतो. त्येला म्हनतो, जाऊ नको." मी डोळे मिटून घेतले. "तुमी माझ्या अंगावर पानी टाकलं. तुमच्याकडं पानी न्हाई, मला म्हाईत हाय. म्या तीन भोकं केली. पानी न्हाई लागलं." तिनं ओल्या केसांतलं पाणी पिळलं. "तरी टाकलं."

तिरपं ऊन सगळ्यांच्या तोंडावर होतं. बराच वेळ गेला. माझ्या अंदाजानं सात-आठ सेकंद.

"आगं माय," मालनबाई हळूच म्हणाल्या. "म्हंजी तिकडं सूर्याचा दुष्काळ!"

गर्दीतून एक लांब हुंकार आला. दुष्काळ म्हटल्यावर गावाला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. दोन बाया पुढं होऊन पदरानं कर्स्टिनचे केस पुसू लागल्या.

"मग न्या की ह्यो!" ज्ञानोबांनी काठी वर करून सूर्य दाखवला. "फुकट घिऊन जा. पाठीवर बांधून दितो."

"आन् बदल्यात ढग धाडा!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे हसू लागले. कर्स्टिनही. ते संपल्यावर मालनबाई माझ्याकडं आल्या.

"बाई, येवढी साधी गोष्ट. तुमी धोंडी म्हून कशापायी सांगितलं?"

मी शांतलिंग सरांकडून चष्मा परत घेतला आणि पदरानं पुसू लागले.

"आमाला कळायचं न्हाई, आसं वाटलं व्हय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. वीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की निष्कर्ष आधी काढू नका, निरीक्षण करा. मी शंभर माणसांबद्दल सोमवारीच निष्कर्ष काढून मोकळी झाले होते.

"चुकले," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. बाळंतपनात डोकं चालत न्हाई," त्या म्हणाल्या. आणि गर्दीकडं वळून ओरडल्या, "चला, त्येंचं मागून झालं. आता आपलं! येक फेरी पावसाची!"

कर्स्टिननं मला विचारलं, "काय म्हणतात?" मी सांगितलं. तिनं लगेच हात पाठीमागं घेतले. मग ज्ञानोबांनी काठी टाकली, आण्णासाहेबांनी धोतर खोचलं, हिंमतरावांनी याला परवानगी लागते का असा क्षणभर विचार केला आणि तेही वाकले. आता न वाकायला माझ्याकडं काही कारण नव्हतं. असलं तरी सांगण्याची मला हिंमत नव्हती.

शनिवारी जीप आली. कर्स्टिननं ड्रायव्हरच्या हातात पाकीट दिलं, आणि मी आत जाऊन उगीचच तांदूळ निवडायला घेतले. ती मागोमाग आली.

"पत्र बदललं. साठ फूट जादा नळ मागवलेत," ती म्हणाली. "एकशे ऐंशीच्या खाली भेगाळ थर असणार. आपण लवकर थांबलो."

"'आपण'?" मी म्हटलं.

"दगडाच्या आणि गावाच्या, दोन्ही बाबतींत," ती म्हणाली आणि माझ्यासमोर बसून तांदूळ निवडू लागली. तिला खडे फार छान ओळखता येतात.

एक नोंद मात्र मला करायलाच हवी. 'बाईंनी उडी मारली आन् तिसऱ्या दिवशी धो धो', असं गावात सांगतात. शाळेचं पर्जन्यमापक माझ्या ताब्यात आहे. तिसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी शून्य. मी ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिले. त्याचा परिणाम एवढाच झाला, की पंधरा दिवसांत शेजारच्या दोन गावांतून आणि थेट अणदूरहून मुख्याध्यापकांच्या नावे पत्रं आली: आपल्या शाळेतील उडी मारणाऱ्या शास्त्राच्या बाईंना एक दिवसासाठी पाठवावे, जाण्यायेण्याची सोय करू.

मी तिन्ही पत्रांना सविस्तर, आकडेवारीसह नकार लिहिला आणि सहीसाठी सरांकडं गेले. शांतलिंग सरांनी तो शांतपणे वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "बाई, पण तुमच्या या अवस्थेत प्रवास झेपेल का?"